पाण्यावर घेतलेलं नाव

"हिरवं नेसू का जांभळं?" दोन्ही लुगडी पलंगावर पसरून सासूबाईंनी मला विचारलं.

"कुठलंही नेसा, आई. तिथे कोण बघणार आहे?"

"कोन बघनार म्हंजे? सण हाय न्हवं त्यांचा?"

सण होता खरा. जूनची एकोणीस तारीख होती आणि सकाळी नऊलाच अंगाची काहिली होत होती. टेक्सासच्या पूर्वेला, नदीकाठच्या एका लहानशा गावात आम्ही तेव्हा राहत होतो. हेमंत कागद कारखान्यात केमिस्ट होता, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे. आमचं घर रेल्वेलाइनच्या पलीकडे, आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या वस्तीत होतं. कारखान्यातले लोक हेमंतला त्यावरून आडून आडून विचारायचे. तो साधा माणूस, त्याला बिचाऱ्याला ते आडून विचारणं कळायचंच नाही.

घरमालकीण शेजारच्याच घरात राहायची. मिस व्हर्लीन. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढून निवृत्त झालेली, उंच, हाडापेराने मोठी बाई. मला मुलगी झाली तेव्हा तिला पहिली अंघोळ मिस व्हर्लीननीच घातली, कारण सासूबाईंचा व्हिसा लांबला होता. फेब्रुवारीत सासूबाई गडहिंग्लजहून येऊन पोचल्या, आणि आठवड्याभरात दोघींचं असं काही गूळपीठ जमलं की मीच परकी झाले. एकीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, दुसरीला मराठीचं. सासूबाई त्यांना 'वरलीबाई' म्हणायच्या आणि मिस व्हर्लीन त्यांना 'मिस आना', अनुसयाचं एवढंच त्यांच्या जिभेवर राहिलं होतं. दुपारभर दोघी व्हरांड्यात शेंगा सोलत बसायच्या आणि आपापल्या भाषेत बोलायच्या. मी एकदा भाषांतर करायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "तू जा बघू. तू आलीस की आमचं बोलनं तुटतं."

शेवटी जांभळं लुगडं ठरलं. मिस व्हर्लीन दारात आल्या तेव्हा पांढऱ्या पोशाखात होत्या आणि डोक्याला लाल फडकं बांधलेलं होतं. त्यांनी सासूबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नुसती शीळ घातली. सासूबाई लाजल्या. साठी उलटलेल्या बाईला मी पहिल्यांदाच लाजताना पाहत होते.

चालताना मी सासूबाईंना सणाची गोष्ट सांगत होते. गुलामी संपल्याचा हुकूम निघाला, पण टेक्सासात ती बातमी यायला अडीच वर्षं लागली. ज्या दिवशी आली तो हा दिवस.

"अडीच वर्सं?" सासूबाई रस्त्यातच थांबल्या. "आन् तवर राबतच हुती व्हय मानसं?"

मी ते मिस व्हर्लीनना सांगितलं.

"राबत होती," त्या म्हणाल्या. "टेक्सासात बातमी उशिरा येते, बेबी. म्हणून ती खोटी नसते. उशिरा येते एवढंच."

त्या हे कशाबद्दल बोलत होत्या ते मला कळलं. वस्तीत सगळ्यांनाच ते कळलं असतं.

त्यांचा मुलगा रुबेन. वय एकवीस. तीन वर्षांपूर्वी थंडीत एका संध्याकाळी मैत्रिणीच्या घरून निघाला तो परत आला नाही. पुलाजवळ त्याची पिकअप सापडली, किल्ली लावलेली. त्याच्यामागून पोलिसांची गाडी जाताना दोघातिघांनी पाहिली होती. तिथला पोलीसप्रमुख, शेरीफ, म्हणाला, तरुण पोरगा आहे, ह्यूस्टनला पळाला असेल. वस्तीत कुणाचा त्यावर विश्वास बसला नाही. बसला फक्त मिस व्हर्लीनचा. म्हणजे त्यांनी बसवून घेतला. ह्यूस्टनहून एक वकील आला होता, तो म्हणाला की खून झाला असं घरच्यांनी म्हटलं तर नदीकाठ शोधायला लावता येईल. मिस व्हर्लीननी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं. मग शेरीफलाही बरं झालं. कुणी विचारलं की तो म्हणायचा, खुद्द आईच म्हणते मुलगा जिवंत आहे, तर मी काय शोधू?

सासूबाईंना मी एवढंच सांगितलं होतं की मुलगा घरातून गेला आणि तीन वर्षं त्याचा पत्ता नाही. पोलिसांचं काही सांगितलं नव्हतं, उगाच कशाला त्यांना घाबरवायचं. त्यांनी आपल्या परीने ते नीट समजून घेतलं. त्यांचा थोरला भाऊ असाच बापाशी भांडून मुंबईला पळाला होता, आणि पुष्कळ वर्षांनी एक दिवस ट्रंक घेऊन दारात उभा राहिला होता. मिस व्हर्लीनच्या दिवाणखान्यातल्या रुबेनच्या फोटोसमोर उभ्या राहून त्या म्हणायच्या, "यील. पोटात आग पडली की यील बघ."

मिरवणूक झकास झाली. पुढे घोडेस्वार, मागे शाळेचा बँड, त्याच्यामागे ट्रॅक्टरवर बसलेल्या म्हाताऱ्या आणि त्यांच्या मांडीवर नातवंडं. सासूबाईंना घोडे फार आवडले. एका दाढीवाल्या स्वाराने त्यांना बघून हॅट काढली तर त्यांनी पदर सावरून नमस्कार केला. चर्चच्या मैदानात मांस भाजल्याचा धूर होता. एका मुलीने सगळ्यांना लाल सरबत वाटलं. लाल का, असं सासूबाईंनी विचारलं. मिस व्हर्लीननी मनगटावरच्या शिरेवर बोट ठेवून दाखवलं. सासूबाईंनी ग्लास क्षणभर कपाळाला लावला आणि मग प्यायला.

दुपार कलल्यावर सगळे चर्चच्या मागे जमले. तिथे पेकानचं मोठं झाड होतं आणि झाडापलीकडे जुनी दफनभूमी. कित्येक थडग्यांवर नावच नव्हतं, नुसते दगड. गेलेल्यांच्या नावाने पाणी सोडायला डीकन एमॉस मातीचा घडा घेऊन झाडाखाली उभे राहिले. डीकन म्हणजे चर्चमधला मानाचा वडीलधारा. हे एमॉस मिस व्हर्लीनचे सख्खे थोरले भाऊ. भाऊबहीण एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. रुबेन नाहीसा झाल्यावर पहिल्याच वर्षी एमॉसनी घडा हातात घेऊन बहिणीकडे पाहिलं होतं, आणि त्यांनी भर लोकांत बजावलं होतं, "माझ्या लेकाचं नाव त्या पाण्यावर कुणी घ्यायचं नाही. जो घेईल त्याचं तोंड मी बघणार नाही." तेव्हापासून दर वर्षी पाणी सोडताना लोक चोरून मिस व्हर्लीनकडे बघायचे आणि त्या समोर बघत ताठ बसायच्या.

एमॉस थोडं पाणी मातीत सोडत, कुणीतरी उठून आपल्या गेलेल्या माणसाचं नाव पुकारी, आणि सगळे मिळून म्हणत, "आशे." आपल्याकडे तथास्तु म्हणतात तसं.

नावं सुरू झाली. कुणाची आजी, कुणाचा लढाईत गेलेला भाऊ. मिस व्हर्लीन पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या, शेजारी सासूबाई, आणि त्यांच्या मागे मुलीला घेऊन मी. मुलगी उन्हाने रडून रडून लाल झाली होती.

"काय चाललंय गं?" सासूबाईंनी मान वळवून विचारलं.

"नाव घ्यायचंय. ज्याला वाटेल त्याने उठून नाव घ्यायचं, मग ते पाणी सोडतात."

"नाव?" त्यांचे डोळे मोठे झाले. "बायकांनी बी?"

"सगळ्यांनी."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग अगदी हळू म्हणाल्या, "इधवेनं घेतलं तर चालतं?"

"इथे तसलं काही नसतं, आई," मी म्हणाले. मुलीने तेवढ्यात माझ्या खांद्यावर दूध काढलं. मी तिला घेऊन चर्चच्या सावलीतल्या नळाकडे गेले.

आता मला ते लख्ख दिसतं. आमच्याकडे बायका नाव घेतात ते नवऱ्याचं, आणि घेतात ते त्याला आयुष्य मागायला. हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला सगळ्याजणी एकीला कोपरखळ्या मारतात, नाव घे, नाव घे. ती लाजते, आढेवेढे घेते आणि मग खणखणीत उखाणा म्हणते. सासरे गेले तेव्हा सासूबाई बत्तीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या असल्या कार्यक्रमात आतल्या खोलीत बसून पोहे निवडत असत. नाव घे, असं त्यांना पुन्हा कुणी कधी म्हटलंच नव्हतं. आणि आज एवढ्या लोकांत, परक्या देशात, त्यांना कळलं की सगळ्यांनी घ्यायचंय. मेलेल्यांची नावं चालली आहेत हे त्यांना कुठून कळणार? मी तो एक शब्द सांगितलाच नव्हता.

नळाखाली मी मुलीचं तोंड धूत होते तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. तो खणखणीत आवाज मी ओळखला, पण असा कधी ऐकला नव्हता.

"पाणी पडलं मातीत, माती झाली गार,
रुबेनला वाट दाव, उघडं हाय दार!"

"आ…" म्हणून लोकांनी सवयीने तोंड उघडलं, आणि तिथेच सगळे थांबले. सगळ्या ओळींत त्यांना एकच शब्द कळला होता.

मी धावत आले. सासूबाई उभ्या होत्या, जांभळं लुगडं, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर हसू. उखाणा जमला की बायका हसतात तसं. एमॉसच्या हातातला घडा वाकलेलाच होता. पाणी पडून गेलं होतं. मैदानात फक्त धुरातल्या मांसाची चरचर ऐकू येत होती.

"व्हर्लीन," एमॉस म्हणाले. "ती बाहेरची बाई आहे. तिला ठाऊक नाही. हे आपण धरायचं नाही."

मिस व्हर्लीननी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सासूबाईंकडेही नाही.

"ज्यो," त्यांनी मला हाक मारली. "इकडे ये. काय म्हणाली ती?"

"मिस व्हर्लीन, त्यांचा तसा अर्थ नव्हता. आमच्याकडे नाव घेतात ते…"

"अर्थ विचारला नाही मी तुला. काय म्हणाली ते सांग. सगळं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, खरं तेच सांगावं, त्यातच सुटका आहे. सासूबाईंनी त्याला आयुष्यच मागितलंय, परत येऊ दे म्हणून मागितलंय. मी एकेक शब्द जुळवून इंग्रजीत सांगितलं, "पाणी मातीत पडलं, माती थंड झाली. रुबेनला घरची वाट दाखव. दार उघडं आहे."

उखाण्यात 'घर' हा शब्दच नव्हता. इंग्रजीत नुसती वाट लंगडी वाटली, म्हणून मी तो जोडला.

मागून कुणीतरी म्हातारी दीर्घ श्वास सोडून म्हणाली, "होय, प्रभू. घरी."

"घरी," दुसरी म्हणाली. "दार उघडं आहे."

आणि मग माझ्या ध्यानात आलं मी काय केलं ते. त्या चर्चमध्ये कुणी मेलं की मेलं म्हणत नाहीत. घरी गेला म्हणतात. अंत्ययात्रेलासुद्धा त्यांचा शब्द घरी जाणं हाच आहे. सासूबाईंनी जिवंत पोरासाठी मागितलेलं मागणं माझ्या तोंडातून बाहेर पडलं ते मेलेल्याचं होऊन. मला ओरडून सांगायचं होतं की असं नाही, हे असं नाही. पण सगळं मैदान एकदम म्हणालं, "आशे."

मिस व्हर्लीन बसल्या होत्या. सासूबाई खाली बसल्या आणि त्यांनी आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. मिस व्हर्लीननी त्या हाताकडे कितीतरी वेळ पाहिलं. मला वाटलं आता झिडकारतील. त्या उठल्या, भावाकडे गेल्या आणि त्यांच्या हातातून घडा घेतला. तो त्यांनी पूर्ण उलटा केला. पाणी संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

"रुबेन," त्या म्हणाल्या. "रुबेन जेम्स."

त्यानंतर त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी हॉस्पिटलात एवढी वर्षं काढून पुन्हा कधी ऐकला नाही. एमॉसनी त्यांना धरलं. दोघं भाऊबहीण त्या चिखलात खाली बसली.

घरी येताना सासूबाई डोळे पुसत होत्या, पण मनातून खूश होत्या.

"रडू दे तिला. मोकळी झाली. ल्येकाचं नाव घ्यायची बी चोरी झाली हुती बिचारीला." मग मला विचारलं, "आता यील न्हवं गं त्यो? एवढी मानसं तथास्तु म्हनली."

मी मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

मिस व्हर्लीन आठवडाभर घराबाहेर आल्या नाहीत. मग एका सकाळी चर्चची हॅट घालून, भावाच्या हाताला धरून शेरीफकडे गेल्या. "माझा मुलगा मेला आहे," त्या म्हणाल्या. "आता शोधा." शेरीफने बघू म्हणून सांगितलं आणि काही केलं नाही. मग चर्चमधल्या पुरुषांनीच शोधायचं ठरवलं. शनिवार आला की ते शिकारी कुत्री घेऊन नदीकाठच्या दलदलीत उतरायचे. हेमंतही जायचा, गुडघ्यापर्यंतचे कारखान्यातले बूट घालून; सासूबाईंना जादा पाळी आहे म्हणून सांगायचा. संध्याकाळी परत आला की अंगणातल्या नळाखाली बूट धूत बसायचा.

ऑगस्टमध्ये सासूबाई परत निघाल्या. मिस व्हर्लीन त्यांना भेटायला आल्या. दोघी व्हरांड्यात बसल्या, पण त्या दिवशी शेंगा नव्हत्या आणि बोलणंही नव्हतं. निघताना मिस व्हर्लीननी त्यांना छातीशी धरलं. त्यांनी माफ केलं की नाही, की माफ करण्यासारखं काही नव्हतंच, हे मला विचारायचं धैर्य झालं नाही.

नोव्हेंबरात नदीचं पाणी उतरलं आणि पुलाच्या बऱ्याच खाली, एका ओंडक्याखाली रुबेन सापडला. हाडं, आणि एक बूट. दातांवरून ओळख पटली. कवटीला मागच्या बाजूने भोक होतं. सरकारी अहवालात मृत्यूचं कारण सांगता येत नाही असं लिहिलं गेलं. त्या प्रकरणात कुणाला कधी अटक झाली नाही. आजतागायत नाही.

अंत्ययात्रेच्या आदल्या दिवशी मी मिस व्हर्लीनच्या स्वयंपाकघरात त्यांच्या मदतीला होते. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या लोकांसाठी मक्याच्या भाकरीसारखा कॉर्नब्रेड भाजणं चाललं होतं. शवपेटी चर्चला नेण्याआधी गाडी घरासमोर थांबवायची, असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. तेवढ्यात हेमंत आमच्या घरातला बिनतारी फोन घेऊन कुंपणापाशी आला. गडहिंग्लजहून फोन होता; तो कानाला लावून मी पुन्हा आत आले.

"मुलगी कशी हाय?" सासूबाईंनी विचारलं. मग लगेच, "आन् वरलीबाईचा पोरगा? आला का गं?"

मिस व्हर्लीन भट्टीतून पॅन काढत होत्या.

"आला, आई," मी म्हणाले. "उद्या घरी आणतायत."

"बघ! मी म्हनलं न्हवतं?" तिकडे त्या आनंदाने जवळजवळ ओरडल्या. "आगं, तिला सांग, तसंच आत घिऊ नको म्हनावं. किती नजरा लागल्या असतील पोराला. दारातच थांबीव आन् भाकरतुकडा ववाळून टाक. सांगशील न्हवं?"

"सांगते."

मी फोन ठेवला. मिस व्हर्लीननी पॅन ओट्यावर ठेवला आणि मागे न वळता विचारलं, "मिस आना काय म्हणाली?"

त्यांना खोटं सांगणं मला जमलं नाही. मी सांगितलं की ती समजते आहे तो चालत येतोय. आणि आमच्याकडे खूप दिवसांनी घरी आलेल्या माणसाला दारात उभं करून त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, त्याला लागलेलं सगळं वाईट त्या तुकड्याबरोबर जावं म्हणून. ते तुम्हाला करायला सांगितलंय.

त्यांनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. मग सुरी घेऊन त्यांनी गरम कॉर्नब्रेडचा एक तुकडा कापला, स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि बाजूला ठेवला.

"किती वेळा ओवाळायचा?" त्यांनी विचारलं.

"तीन वेळा," मी म्हणाले.